कोनाचा खोका

भिवंडीत खोक्यांना तोटा नाही. मानकोलीपासून पुढे वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडा असं गोदामांचं रान पसरलेलं आहे, आणि तिथे रात्रंदिवस खोकी उतरतात, खोकी चढतात. कुणाच्या पोटात फोन, कुणाच्या पोटात मिक्सर. पण त्या खोक्यांना गावाशी काही देणंघेणं नसतं. रात्री एका ट्रकमधून उतरायचं, सकाळी दुसऱ्या टेम्पोत बसून मुंबई गाठायची. मला सांगायचं आहे ते इथे मुरलेल्या खोक्याबद्दल. सुरतेकडून किंवा सिल्वासाहून तो पॉलिस्टर सुताचे कोन घेऊन लूमच्या कारखान्यात येतो. कोन संपतात, तो रिकामा होतो, आणि तिथून पुढे त्याचं स्वतःचं आयुष्य सुरू होतं.

(हल्ली खोका म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात. राजकारणातल्या पैशांच्या खोक्यांशी याची सोयरीक नाही. याच्या पोटात सुतापलीकडे कधी काही नव्हतं.)

दिसायला तो अगदीच साधा आहे. तपकिरी पन्हळी पुठ्ठा, अंग चांगलं जाड, कारण पंचवीस-तीस किलो सूत पेलायची सवय. एका बाजूला लॉट नंबर, डेनियर, ग्रॉस वजन, नेट वजन. दुसऱ्या बाजूला चित्रं: उघडी छत्री, वर तोंड केलेले दोन बाण आणि फुली मारलेला आकडा. म्हणजे पावसात भिजवू नका, उलटा ठेवू नका, आकडा लावू नका. यातलं एकही कुणी पाळत नाही. हमालाचा आकडा बसतोच, त्यामुळे कुशीत एक-दोन भोकं घेऊनच तो कारखान्यात पोचतो. त्याची तो कुरकुर करत नाही, आणि ती भोकं पुढे कामाला येतात.

घराणं तसं बरं आहे. १८५६ साली इंग्लंडात पन्हळी कागदाचं पहिलं पेटंट घेतलं गेलं ते उंच टोप्यांच्या आतलं अस्तर म्हणून. पुढे १८७१ मध्ये अमेरिकेत बाटल्या गुंडाळायला तो वापरला जाऊ लागला, आणि मग त्याची पेटी झाली. दोन कागदांच्या मध्ये लाटांसारखा वळवलेला तिसरा कागद, आणि त्या लाटांमध्ये कोंडलेली हवा. ही हवाच त्याची खरी कमाई. धक्का ती सोसते, आणि आतली ऊब लवकर बाहेर जाऊ देत नाही.

कारखान्यातून सुटलेला खोका चाळीत येतो. माळ्यावर जातो तेव्हा गणपतीचं मखर सांभाळतो. पलंगाखाली जातो तेव्हा मागच्या वर्षीच्या वह्या सांभाळतो. कुठे त्यात कोंबडी अंड्यांवर बसते, कुठे मांजर व्यायला जागा शोधते. बहुतेक खोक्यांची गोष्ट इथेच संपते आणि ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. थोड्यांच्या वाट्याला मात्र जानेवारीत एखादं पोर येतं.

संक्रांतीच्या आठवड्यात भिवंडीच्या आभाळात पतंगही असतात आणि घारीही. घारींना हे गाव मानवतं. मटणाच्या दुकानांमागे त्यांची सोय होते, कचऱ्याच्या ढिगावर होते, वऱ्हाळादेवी तलावावर पाणी मिळतं, आणि घरट्याला नारळाचं झाड नाही सापडलं तर मोबाइलचा टॉवर चालतो. त्यांचा विणीचा हंगामही नेमका याच दिवसांतला. घारीची नजर कितीही तीक्ष्ण असली तरी तिला पतंग दिसतो, त्याच्या मागचा दोरा दिसत नाही.

आणि दोरा हा तर या गावाचा धंदा. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला खळ चढवतात, म्हणजे लूमवरच्या घर्षणात ते तुटत नाही. मांजा करणारेही दोऱ्याला खळच चढवतात, फक्त तिच्यात काचेची पूड घालतात, म्हणजे दुसऱ्याचा दोरा तुटेल. नंतर नायलॉनचा मांजा आला, जो तुटतही नाही आणि कुजतही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर त्यावर बंदी घातली. बंदीनंतर तो दुकानाच्या दर्शनी भागातून गल्ल्याखाली गेला, एवढाच फरक. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. उडणं त्याच्या जोरावर. मांजा बरोबर तिथे उतरतो.

मग ती पडते. लूमच्या पत्र्यावर, गटाराच्या कडेला, कुणाच्या वाळवणाच्या दोरीवर. आधी कावळे जमतात, मग पोरं. जमलेल्या पोरांतलं एक असं असतं की ज्याला दगड उचलावासा वाटत नाही. साधारण पाचवी-सहावीतलं. कधी कामतघरच्या आगरी घरातलं, कधी पद्मानगरच्या तेलुगू घरातलं, कधी निजामपुऱ्यातलं. ओट्यावरून आजी ओरडते, "आरं लांब हो, डोलं काढंल ती!" आजीचं अर्धं बरोबर असतं. भ्यायचं ते चोचीला नव्हे, पंजाला. पण पोरगं तोवर टॉवेल टाकून मोकळं झालेलं असतं. डोक्यावर कापड पडताच घार निपचित होते. उचलल्यावर पोराला दचकायला होतं, कारण पंख उघडले तर जवळपास पाच फूट भरणारा हा पक्षी हातात पाऊण किलोच्या आसपास लागतो.

"बॉक्स आण, बॉक्स!" कुणी तरी कारखान्याकडे धावतं.

"चाचा, एक खाली बॉक्स दो ना."

"क्या डालेगा?"

"चील."

लूमच्या खडखडाटात चाचांना दोनदा ऐकावं लागतं. मग ते ढिगातला एक खोका पायानेच पुढे सरकवतात. "ले जा. नीचे से पट्टी मार, नहीं तो खुल जाएगा."

इथून खोक्याचा स्वभाव दिसू लागतो. त्याला माया नाही. कुतूहल तर अजिबात नाही. आत काय आलं आहे हे त्याला जाणून घ्यायचं नसतं. तळाशी जुनं फडकं, वर घार, त्यावर चारही पाती मिटलेली, आणि आत अंधार. आयुष्यभर डोळ्यांच्या भरवशावर जगलेल्या पक्ष्याला दिसायचंच बंद झालं की धोकाही दिसत नाही. छातीची धडधड हळूहळू उतरते. जखमेपेक्षा धास्तीनेच दगावणारे पक्षी काही थोडे नाहीत. पाती मिटली की अर्धी शुश्रूषा झाली.

उरलेली अर्धी म्हणजे ती मिटलेलीच ठेवणं. हे पोराच्या जिवावर येतं. त्याने तिला वाचवलं आहे, तर त्याला ती बघायची आहे. तिच्या पिवळ्या पायांवरून बोट फिरवायचं आहे. तिचं नाव ठेवायचं आहे, आणि नाव ठेवलं की ते तिला सांगायचं आहे. पाच मिनिटं झाली की एक पातं उचललं जातं. पोराच्या लेखी ती विचारपूस असते. घारीच्या लेखी आभाळ उघडून एक मोठं तोंड खाली वाकलेलं असतं, दर पाच मिनिटांनी, नव्याने.

पोरगं मग कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन भोकं पाडायला निघतं. त्याला वरून सांगावं लागतं की भोकं पाडायची ती पक्षी ठेवायच्या आधी, आणि आतून बाहेर, म्हणजे पुठ्ठ्याचे काटे आत राहत नाहीत. आकड्याची भोकं असतातच, थोड्या हवेला तीही पुरतात. पण भोक दिसलं की डोळा लावायचा मोह कुणाला होत नाही?

संध्याकाळपर्यंत चाळ औषधोपचाराला लोटते. जखमेत हळद दाबा. दूध-पाव द्या. ग्लुकोजचं पाणी चमच्याने चोचीत सोडा. तांदूळ टाका, चिमण्या खातात की. यातला प्रत्येक सल्ला मनापासून दिलेला असतो आणि जवळजवळ प्रत्येक घातक असतो. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. वरून ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. दूध पचवायची सोय पक्ष्याच्या पोटात नाही. घार तांदळाकडे ढुंकूनही बघत नाही, आणि धक्क्यातल्या प्राण्याला पहिल्या काही तासांत खायला घालणं हेच मुळात चूक. रुतलेला मांजा उपटायचा नसतो. लोंबणारी टोकं तेवढी कापायची आणि आतला दोरा डॉक्टरांसाठी तसाच ठेवायचा. एवढ्या सगळ्या सल्लागारांत न बोलणारा एकटा खोका असतो, आणि त्या दिवशी बरोबर वागणाराही बहुधा तोच.

याच सुमाराला त्याचा प्रतिस्पर्धी हजर होतो: तारेचा पिंजरा. शेजारच्या काकूंच्या माळ्यावर तो असतोच, पूर्वीच्या पोपटाचा. पोराला पिंजरा फार आवडतो. त्याला दार आहे, वर धरायला कडी आहे, पाण्याची वाटी आहे. त्यात पक्षी ठेवला म्हणजे आपल्याकडे पक्षी आहे असं दिसतं, आणि दिसणं हाच तर पिंजऱ्याचा सगळा धंदा. चारी बाजूंनी उजेड, चारी बाजूंनी माणसं. घार तारांवर धडका देते आणि तिची लांब पिसं मधूनच मोडतात. मोडलेलं पीस नखासारखं पुन्हा वाढत नाही. ते गळून त्याच्या जागी नवं यायला पुढच्या मोसमाची वाट बघावी लागते, आणि तोवर बरा झालेला पंखही उडायला अपुरा. खोका बाळंतिणीच्या खोलीसारखा असतो: अंधार, ऊब, येणाऱ्या-जाणाऱ्याला मज्जाव. पिंजरा नेहमीच लग्नाच्या मांडवातला. माझं मत विचाराल तर पोपटाच्या बाबतीतही तो कधी उपयोगाचा नव्हता.

रात्री खोका ठेवायचा कुठे, हा भिवंडीतला मोठा प्रश्न. शांत जागा म्हणून जिथे बोट ठेवावं त्याच्या भिंतीपलीकडे लूम चालू असतो. पण ही घार तरी कुठली महाबळेश्वरची? या धोट्याच्या खटखटीवरच ती अंड्यातून बाहेर आली. मला वाटतं, यंत्राच्या एकसुरी आवाजापेक्षा माणसाची कुजबुज तिला जास्त टोचत असावी. म्हणून पलंगाखालचा, भिंतीकडचा कोपरा. दिवा बंद. टीव्ही बंद करायचा की नाही यावरून वादावादी. पोरगं जमिनीवर अंथरूण घालून खोक्याला पाठ लावून झोपतं, म्हणजे झोपत नाही. आतून खरवडल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ काहीच येत नाही, आणि ते जास्त वाईट. उघडून बघायचं नाही म्हटल्यावर ऐकण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. पुठ्ठ्याला कान लावून पंजा सरकला की पंख फडकला हे ओळखायला ते शिकतं. वासावरूनही बरंच कळतं, कारण घारीची शीट लपून राहण्यातली नसते. आई नाकाला पदर लावून बजावते, "उद्या सकाळी हे घरात दिसता कामा नये." पोराला आई निर्दय वाटते. माझी सहानुभूती आईकडे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं आणि एक घार हा हिशेब तिलाच जमवायचा असतो.

आई म्हणते तेच कायदाही म्हणतो, जरा वेगळ्या सुरात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ प्रमाणे असा प्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. तो ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठी आहे. शाळेत सगळ्यांनीच सिद्धार्थ आणि देवदत्ताची गोष्ट ऐकलेली असते. हंस बाण मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा? गोष्टीतला निकाल वाचवणाऱ्याच्या बाजूने लागतो आणि वर्ग खूश होतो. १९७२ चा निकाल तिसराच आहे: दोघांचाही नाही, फोन करा. पोराला हा सरळ अन्याय वाटतो. मांजा सोडणारा सापडत नाही, दगड मारणारे घरी गेले, आणि ज्याने टॉवेल टाकला त्यालाच म्हणायचं की तुझी नव्हे. पण खोक्याला विचारलं असतं तर त्याने तरी दुसरं काय सांगितलं असतं? त्याच्याकडे जे येतं ते पुढे जाण्यासाठीच येतं. सूत असो, मखर असो.

फोन लावायचा पोराला धीर होत नाही, त्याला वाटतं आपल्यालाच पकडतील. मग शाळेतल्या बाई लावतात, किंवा कारखान्यातला एखादा जाणता फिटर.

दिल्लीत नव्वदच्या दशकात अशाच वयाच्या जरा पुढची दोन भावंडं जखमी घार घेऊन जुन्या दिल्लीतल्या पक्ष्यांच्या धर्मादाय रुग्णालयात गेली होती. मांसाहारी पक्षी म्हणून तिथे तिला दाखल करून घेतलं नाही. नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद ही ती भावंडं. पुढे दोघं स्वतःच शिकली, आणि घरच्या धंद्याच्या, साबणाच्या डिस्पेन्सरच्या, कामाच्या जागेतच घारींवर उपचार करू लागली. २०१० मध्ये त्यांनी 'वाइल्डलाइफ रेस्क्यू' ही संस्था उभी केली. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ चा माहितीपट त्यांच्यावरच आहे, आणि त्याला कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा 'गोल्डन आय' मिळाला. तो जरूर पाहावा, आणि पाहताना माणसांवरून नजर काढून जरा कोपऱ्यांकडेही पाहावं. आमच्या नायकाची भावकी तिथे जागोजागी बसलेली आहे. घारी येतात त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतूनच.

मराठी वाचकाला अशा वेळी हेमलकसा आठवणारच. प्रकाश आमट्यांकडचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं ते शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीच्या पिल्लापासून, आणि घरातली मुलं बिबट्यांबरोबर वाढली. पण ते एका माणसाचं सबंध आयुष्य आहे आणि भामरागडचं जंगल आहे. त्याच्याकडे बघून चाळीतल्या पोराने घार पाळायला काढली तर घारीचे हाल आणि पोराचेही. खोका पाळण्यासाठी नसतो. रात्र काढण्यासाठी असतो.

घारीखेरीज त्याच्याकडे इतर मंडळीही येतात. वटवाघूळ लोंबतं ते विजेच्या तारेवर किंवा मांज्यात. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही आणि शक्यतो पोरांनी शिवायचंच नाही. चावलं, ओरखडलं, तर साबणाच्या वाहत्या पाण्याने जखम धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. मुंगुसाचंही तेच. पहिल्या पावसात घरट्यातून खारीचं पिल्लू पडतं, बोटाएवढं, डोळे मिटलेलं. त्याच्यासाठी लहान खोका, फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली, आणि दिवसाउजेडी ते खोक्यासकट झाडाखाली ठेवून लांब जाऊन बसायचं. आई बऱ्याचदा खाली उतरते आणि पिल्लाला तोंडात धरून घेऊन जाते. खोक्याच्या सबंध कारकिर्दीत पाती उघडी ठेवण्याचा हा एकच प्रसंग. त्या वेळी मांजर आणि कावळे हाकलण्याचं काम पोराकडे येतं, आणि हे काम त्याला पाती मिटून बसण्यापेक्षा कितीतरी पटीने जमतं.

सकाळी मोटारसायकलवरून रेस्क्यूवाला येतो. विशीतला असतो, रात्रभर कुठे तरी नाग पकडून आलेला. तो एकच पातं उचलतो, क्षणभर बघतो, मिटतो. पोरगं त्याच्या चेहऱ्याकडे बघत असतं. डॉक्टर दाखवतात तसला चेहरा तो दाखवत नाही, "बघू" म्हणतो. मग खिशातून मार्कर काढतो आणि लॉट नंबरच्या बाजूला लिहितो: घार, उजवा पंख, मांजा, भिवंडी, तारीख. खोक्यावर पहिल्यांदाच त्याच्या आतल्या मालाचं खरं नाव येतं.

"टाके घालणार?" पोरगं विचारतं.

"डॉक्टर ठरवतील."

"उडेल ना?"

"बघू रे. खायला काय घातलंस?"

"काही नाही."

"पाणी?"

"नाही. सगळे सांगत होते. पण नाही."

"शाबास."

हे शाबास पोराला फारसं कळत नाही. काहीच न केल्याबद्दल कुणी शाबासकी देतं हे त्याला नवीन असतं. ते दोरी बांधायला मदत करतं आणि शेवटी मनातलं विचारतं, "बॉक्स परत मिळेल?"

रेस्क्यूवाला हसतो. घार ठाण्याला जाईल, नाही तर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात. खोका काही परतीच्या वाटेवर नसतो. तळ शीटेने आणि रक्ताने भिजलेला, रद्दीवालाही घेणार नाही असा. संसर्गाच्या भीतीने तो तिथेच नष्ट करतात.

दुपारी पोरगं पुन्हा कारखान्याच्या दारात.

"फिर चील?" चाचा धागा जोडता जोडता विचारतात.

"नहीं. खाली रखने को. कभी भी लगेगा."

चाचा या खेपेला पायाने ढकलत नाहीत. उठून ढिगातला जरा धडका बघून देतात. तो पलंगाखाली जातो, त्यावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' लिहिलं जातं, आणि फेब्रुवारी बरा जातो. मार्चमध्ये आईच्या कुरडया होतात. वाळलेल्या कुरडयांना कोरडा, अंधारा, मिटणारा खोका लागतो, आणि घरात तो एकच असतो. एप्रिलमध्ये ऊन चढतं, पाण्याविना घारी झाडांवरून गळू लागतात, आणि पहिली घार टॉवेलात गुंडाळून दारात येते तेव्हा कुरडया आधी कशात ओतायच्या यावरून मायलेकांचं जोरात भांडण चालू असतं.